तिकिटावर तीन नावं, कारखाना मात्र नैरोबीत

जुनी टपाल तिकिटं जमवणाऱ्यांच्या अल्बममध्ये पूर्व आफ्रिकेचं पान उघडलं की एक गंमत दिसते. एकाच तिकिटावर तीन देशांची नावं: केनिया, युगांडा, टांझानिया. शेजारच्या तिकिटावर तीच तीन नावं, पण युगांडा आधी. त्याच्या पलीकडे टांझानिया आधी. कोणाचंही नाव कायम पहिलं येऊ नये म्हणून ही फिरवाफिरव. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, झेंडे वेगळे, राष्ट्राध्यक्ष वेगळे. टपाल खातं मात्र एकच.

नुसतं टपालच नव्हे. रेल्वे एक, बंदरांचा कारभार एक, विमान कंपनी एक, अपील न्यायालय एक, हवामान खातं एक. १९६६ पर्यंत खिशातला शिलिंग एक होता आणि १९७० पर्यंत विद्यापीठही एक. युरोपातल्या सहा देशांनी आपापसातलं आयातशुल्क संपवलं ते १९६८ मध्ये. केनिया, युगांडा आणि टांगानिका (पुढच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) यांच्यातलं ते १९२० च्या दशकातच गेलं होतं. स्वातंत्र्याच्या वेळी आफ्रिकेत इतकं घट्ट बांधलेलं त्रिकूट शोधूनही सापडलं नसतं.

१९७७ च्या जुलैपर्यंत यातलं जवळजवळ सगळं मोडलं. एक विकास बँक आणि दोन-चार लहान संस्था तेवढ्या वाचल्या.

खापर साधारणपणे युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्यावर फोडलं जातं. त्याने हातभार लावला यात शंका नाही. पण तो सत्तेवर आला जानेवारी १९७१ मध्ये, आणि चलन व विद्यापीठ त्याआधीच फुटलेलं होतं. दुखणं जुनं होतं आणि ते हिशेबाचं होतं: सामाईक बाजाराचा फायदा कोणाच्या अंगणात पडतो, आणि ज्याच्या अंगणात पडत नाही त्याची भरपाई कोण, कशी करतो. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांच्या सहकार्याबद्दल बोलताना ‘राजकीय इच्छाशक्ती’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. त्याऐवजी वहीच उघडून पाहिलेली बरी.

बांधलं कोणी, कशासाठी

मोंबासाहून आत जाणारी रेल्वे १८९६ मध्ये सुरू झाली आणि १९०१ च्या अखेरीस व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर, आजच्या किसुमूला पोचली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले गेले. त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. रूळ मीटरगेजचे, म्हणजे हिंदुस्थानात रुळलेल्या मापाचे. चलनही आपलंच: १९२० पर्यंत तिथे हिंदुस्थानी रुपया चालत होता. रेल्वे, जकात आणि टपाल कचेऱ्यांमधल्या कारकुनीत गोव्याची मंडळी इतकी होती की केनियातलं नैरोबी, युगांडातलं कंपाला, टांगानिकातलं दार-एस-सलाम अशा प्रत्येक मोठ्या शहरात त्यांच्या संस्था उभ्या राहिल्या. पूर्व आफ्रिकेचा ‘सामाईक कारभार’ प्रत्यक्ष कागदावर चालवणाऱ्या हातांमध्ये हे कोकणी हात बरेच होते.

त्यानंतर गाठी वाढत गेल्या. १९१७ मध्ये केनिया आणि युगांडाची जकात एकत्र झाली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांकडून ब्रिटिशांकडे आलेला टांगानिका १९२० च्या दशकात त्यात ओढला गेला. १९१९ मध्ये पूर्व आफ्रिकी चलन मंडळ स्थापन झालं. १९४८ मध्ये तिन्ही गव्हर्नरांचा मिळून एक उच्चायोग आला आणि रेल्वे व बंदरं एका प्रशासनाखाली गेली.

हे सगळं स्थानिक लोकांना विचारून झालेलं नव्हतं. कारभार स्वस्तात व्हावा आणि केनियाच्या डोंगराळ सुपीक पट्ट्यातल्या गोऱ्या जमीनदारांच्या मालाला बाजार मिळावा, हे त्यामागचे हेतू. मुख्य कचेऱ्या नैरोबीत, रेल्वेचं मोठं वर्कशॉप नैरोबीत, बँकांची मुख्यालयंही नैरोबीत. विकत घेण्याची ऐपत असलेला गोरा ग्राहक तिथे, कुशल मेकॅनिक तिथे, आणि मोंबासा बंदर एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर. तीन देशांच्या बाजारासाठी कोणी एकच साबणाचा किंवा सिगारेटचा कारखाना काढायचा ठरवला, तर तो कुठे काढेल? हा कट नव्हता, व्यापाऱ्याचं साधं गणित होतं; आणि नेमकी हीच त्याची अडचण. कटाला जबाबदार माणूस तरी सापडतो.

शर्टाचं गणित

सामाईक बाजारात मागे पडणाऱ्याचं नुकसान नेमकं कसं होतं, ते एका काल्पनिक शर्टावर पाहू.

विलायतेहून आलेला शर्ट दार-एस-सलामच्या धक्क्यावर १० शिलिंगाला पडतो. बाहेरच्या मालावर तिन्ही देशांचं मिळून ४० टक्के आयातशुल्क आहे असं धरू. म्हणजे ४ शिलिंग सरकारजमा आणि दुकानात भाव १४. नैरोबीच्या गिरणीचा शर्ट १३ ला मिळतो, कारण त्यावर शुल्क नाही. टांझानियाचा ग्राहक अर्थातच नैरोबीचा घेतो. त्याचा १ शिलिंग वाचला. पण टांझानियाच्या तिजोरीचे ४ गेले. देश म्हणून ३ शिलिंगांचा तोटा, आणि त्या तीन शिलिंगांवर नैरोबीतली गिरणी, तिचे कामगार आणि तिचे भागधारक जगतात. टांझानिया विलायती शर्टापेक्षा महागात बनलेला शर्ट घेऊन शेजाऱ्याचं औद्योगिकीकरण पोसतो आहे, असं म्हणता येईल.

हे कायमचं असेल तर कोणीही कुरकुरेल. उद्या टांझानियाची सायकल केनियात तशीच खपणार असेल, तर हरकत नाही. दोन्ही बाजूंचं उट्टं फिटतं. पण १९६० च्या दशकात तिघांच्या आपापसातल्या व्यापारात निम्म्याहून बराच अधिक माल केनियाचा होता, आणि कारखान्यात तयार झालेल्या मालात तर केनियाचं पारडं आणखी जड. टांझानिया केनियाकडून घ्यायचा खूप आणि विकायचा थोडं. युगांडाही केनियाच्या बाबतीत तुटीत होता, पण टांझानियाच्या बाबतीत वरचढ. ही मधली जागा लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

ब्रिटिश जाण्याआधीच ही तक्रार इतकी वाढली की एक आयोग नेमावा लागला. अध्यक्ष होते जेरेमी रैझमन. हेच गृहस्थ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळात अर्थखातं सांभाळत होते. त्यांनी १९६१ मध्ये सुचवलेला तोडगा असा: जकात आणि अबकारी उत्पन्नातले ६ टक्के, आणि कारखानदारी व वित्तक्षेत्रातल्या कंपन्यांच्या प्राप्तिकरातले ४० टक्के एका सामाईक निधीत टाकायचे. त्यातल्या अर्ध्यातून सामाईक सेवांचा खर्च चालवायचा, उरलेला अर्धा तिघांत सारखा वाटायचा. केनिया भरणार जास्त आणि घेणार तिसरा हिस्सा, म्हणून पैसा आपोआप इतर दोघांकडे वाहणार.

तोडगा शहाणपणाचा होता, पण दोन ठिकाणी कमी पडला. रक्कम लहान होती, हे एक. दुसरं कारण मोठं आहे. स्वतंत्र झालेल्या देशाला रोख भरपाई नको असते, त्याला कारखाना हवा असतो. कारखान्यात नोकऱ्या असतात, हाताला कसब येतं, पुढचा कारखाना त्याच्या शेजारी येतो. उद्घाटनाला फीत कापता येते हेही आलंच. दरवर्षी येणारा चेक यातलं काहीच देत नाही.

संघराज्य राहून गेलं, मग कारखान्यांची वाटणी

टांगानिका ९ डिसेंबर १९६१ ला, युगांडा ९ ऑक्टोबर १९६२ ला आणि केनिया १२ डिसेंबर १९६३ ला स्वतंत्र झाला. टांगानिकाचे नेते ज्युलियस न्येरेरे यांनी १९६० मध्ये असं बोलून दाखवलं होतं की तिघांचं संघराज्य होणार असेल तर टांगानिका आपलं स्वातंत्र्य थोडं लांबवायलाही तयार आहे. आफ्रिकेच्या त्या दशकात असं दुसरं कोणी म्हटल्याचं आठवत नाही. न्येरेरेंचं म्हणणं होतं की खुर्च्या, झेंडे आणि राजदूत तयार झाले की ते सोडायला कोणी तयार होत नाही.

तसंच झालं. ५ जून १९६३ ला तिन्ही नेत्यांनी नैरोबीत जाहीर केलं की वर्षअखेरपर्यंत संघराज्य होईल. झालं नाही. युगांडाच्या पोटात बुगांडा हे जुनं राज्य होतं आणि आपल्याच देशातली ती तडजोड पंतप्रधान मिल्टन ओबोटे यांना जेमतेम सांभाळता येत होती. परराष्ट्र धोरण, नागरिकत्व, परदेशी कर्ज काढण्याचा अधिकार हे वर कोणाच्या हाती द्यायला युगांडा राजी नव्हता. पश्चिम आफ्रिकेतला अनुभवही ताजा होता: सेनेगल आणि फ्रेंच सुदान यांचं माली संघराज्य १९६० मध्ये स्वतंत्र झालं आणि दोनच महिन्यांत फुटलं. १९६३ मध्ये अदिस अबाबाला आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी कैरोत ठरलं की वसाहतकाळातल्या सीमा आहेत तशा मानायच्या. त्याने बऱ्याच लढाया टळल्या असतील, पण प्रत्येक राजधानीला आपली वेगळी चूल मांडायला मान्यताही मिळाली.

संघराज्य नाही तर निदान कारखाने तरी वाटून घ्या, असा प्रयत्न १९६४ मध्ये कंपालाला आणि १९६५ च्या सुरुवातीला युगांडातल्याच म्बाले इथे झाला. तिन्ही देशांच्या बाजारावरच परवडतील असे उद्योग ठरवून वाटायचे: टांझानियाला मोटारीचे टायर, रेडिओ, ॲल्युमिनियमचे पत्रे, युगांडाला सायकली आणि खत, केनियाला विजेचे दिवे. केनियाने या करारावर शेवटची मोहोर उठवली नाही. पुढे टायरचा कारखाना टांझानियातल्या अरुशालाही झाला आणि नैरोबीलाही. तिन्ही देशांची गिऱ्हाइकी मिळून एक कारखाना नीट चालला असता, तिथे दोन उभे राहिले.

चलनाचं विभाजन यातूनच आलं. चलन मंडळ हे गव्हर्नरांच्या काळाला शोभणारं यंत्र होतं: पौंडाची गंगाजळी जितकी, त्या बेतानेच नोटा काढायच्या, सरकारला उसने देण्याची सोय जवळजवळ नाहीच. पंचवार्षिक योजना आखणाऱ्या सरकारांना हे कसं चालेल? तिघांची मिळून एक मध्यवर्ती बँक करता आली असती, पण मग प्रत्येक सरकारने तिच्याकडून किती कर्ज घ्यायचं हे इतर दोघांना विचारून ठरवावं लागलं असतं. जून १९६५ मध्ये वेगळं व्हायचं ठरलं आणि १९६६ मध्ये एकापाठोपाठ एक तीन मध्यवर्ती बँका उघडल्या. तिन्ही शिलिंगांची किंमत सुरुवातीला सारखीच होती, म्हणून लोकांना फारसा फरक जाणवला नाही. रेल्वेच्या हिशेबनिसांना तो पुढे जाणवणार होता.

१९६७ चा करार: कागद उत्तम होता

डॅनिश अर्थतज्ज्ञ केल्ड फिलिप यांच्या आयोगाच्या शिफारशींवरून नवा करार बेतला गेला. ६ जून १९६७ ला कंपालाला केनियाचे राष्ट्राध्यक्ष केन्याटा, न्येरेरे आणि ओबोटे यांनी सह्या केल्या; १ डिसेंबरपासून पूर्व आफ्रिकी समुदाय अस्तित्वात आला. मुख्यालय अरुशाला. वाटणीचा प्रश्न या कराराने तीन बाजूंनी धरला होता.

कचेऱ्या पांगवल्या, ही सगळ्यात सोपी बाजू. रेल्वे आणि विमान कंपनी नैरोबीत राहिली, बंदर महामंडळ दार-एस-सलामला गेलं, टपाल आणि तार कंपालाला.

विकास बँक ही दुसरी. तिघांनी भांडवल सारखं घालायचं. कर्जवाटप मात्र टांझानिया ३८.७५ टक्के, युगांडा ३८.७५ टक्के, केनिया २२.५ टक्के. हा दशांशापर्यंतचा काटेकोरपणा पाहिला की वाटाघाटी किती रात्री चालल्या असतील याची कल्पना येते.

तिसरी बाजू म्हणजे हस्तांतरण कर, आणि सगळा करार खरं तर यावर उभा होता. कारखान्यात तयार झालेल्या मालाच्या व्यापारात जो देश तुटीत असेल, त्याने वरचढ शेजाऱ्याच्या मालावर कर लावावा. पण अटी घालून. कराचा दर बाहेरच्या आयातशुल्काच्या निम्म्याहून जास्त नको. तोच माल आपल्याकडे बनत असला पाहिजे किंवा तीन महिन्यांत बनू लागणार असला पाहिजे. त्या कारखान्याची ऐपत देशातल्या खपाच्या किमान १५ टक्के किंवा वीस लाख शिलिंगांच्या मालाइतकी हवी. एका वस्तूवरचा कर आठ वर्षांहून जास्त नाही. तुटीच्या रकमेपेक्षा जास्त मालावर लावायचा नाही. टांझानिया दोघांच्याही मालावर कर लावू शकत होता, युगांडा फक्त केनियाच्या, आणि केनिया कोणाच्याच नाही.

आपल्या शर्टावर लावून पाहू. ४० टक्क्यांच्या निम्मे २० टक्के. नैरोबीचा १३ चा शर्ट १५ शिलिंग ६० सेंटला गेला, म्हणजे विलायतीपेक्षाही महाग. टांझानियाची नवी गिरणी आता १४ च्या आत कुठल्याही भावाला शर्ट विकून तग धरू शकते. हेतू साधला की. मग बिघडलं काय?

बिघडलं असं की हा कर दुसरा कारखाना काढायला उत्तेजन देत होता, वेगळा काढायला नव्हे. केनियात साबण बनतो? आपणही साबण काढू, पंधरा टक्क्यांची अट पुरी करू, कर लावू. तीन देशांच्या बाजारावर एक कारखाना पूर्ण क्षमतेने चालण्याऐवजी तीन कारखाने अर्ध्या क्षमतेने चालू लागले. सामाईक बाजाराचा मूळ फायदाच, म्हणजे मोठा बाजार, मोठं उत्पादन आणि कमी खर्च, भरपाईच्या युक्तीनेच पोखरला. ‘कोणता उद्योग कुठे’ हे ठरवणारी यंत्रणा करारात नव्हती. म्बालेचा अनुभव कडू होता म्हणून ती जाणूनबुजून टाळली होती.

भाव ठरवणारा बदलला

करारावर सह्या होण्याच्या चार महिने आधी, फेब्रुवारी १९६७ मध्ये, अरुशा जाहीरनामा निघाला होता. टांझानियाने बँका आणि मोठे उद्योग सरकारी केले, आयात-निर्यात आणि घाऊक व्यापार एका सरकारी महामंडळाकडे दिला. केनिया परदेशी कंपन्यांना पायघड्या घालत होता.

ही नुसती विचारसरणीची भांडणं नव्हती, व्यवहारात त्यांचा थेट परिणाम होता. शुल्क काढून टाकलं की स्वस्त माल आपोआप सीमा ओलांडतो, हे तत्त्व खरेदी करणारा व्यापारी असेल तेव्हा खरं. खरेदी सरकारी अधिकारी करत असेल तर शुल्क शून्य असो की शंभर, त्याच्या यादीत नाव नसेल तर माल येत नाही. चीनने दार-एस-सलाम ते झांबिया ही १,८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे बांधायला घेतली, तेव्हा बांधकामाचा टांझानियातला खर्च भागवण्यासाठी चिनी कापड, भांडी आणि किरकोळ माल उधारीवर आणून विकायचं ठरलं होतं. तो माल दुकानात आला की केनियाच्या मालाची जागा गेली. रूळ मात्र मीटरगेजचे नाहीत, दक्षिण आफ्रिकेच्या मापाचे, १,०६७ मिलिमीटरचे. सदुसष्ट मिलिमीटरच्या फरकामुळे एका रेल्वेजाळ्यातली मालगाडीची वाघीण दुसऱ्यात जाऊ शकत नव्हती. टांझानियाचं तोंड उत्तरेकडून दक्षिणेकडे वळलं, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

गल्ल्यातला पैसा

समुदायाचा जीव घेतला तो रोख रकमेने, असं आमचं मत. याकडे कमी लक्ष जातं कारण त्यात नाट्य नाही.

रेल्वेचं उत्पन्न तीन देशांतल्या स्टेशनांवर, तीन वेगवेगळ्या शिलिंगांत जमा होई. खर्च मात्र मोठ्या प्रमाणात नैरोबीत: मुख्यालय, वर्कशॉप, इंजिनांचे सुटे भाग, परदेशी कर्जाचे हप्ते. म्हणून दार-एस-सलाम आणि कंपालाच्या विभागांनी शिल्लक पैसा नैरोबीला पाठवायचा. एक शिलिंग होता तोवर ही फक्त खातेवहीतली नोंद होती. तीन शिलिंग झाल्यावर तो परकीय चलनाचा व्यवहार झाला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिघांनीही एकमेकांच्या चलनावर विनिमय नियंत्रणं घातली. १९७३ च्या अखेरीस तेल भडकलं आणि तिघांचीही गंगाजळी आटली. आता दार-एस-सलामचा अधिकारी म्हणू लागला, आमच्या मालवाहतुकीची कमाई केनियाच्या पगारावर का पाठवायची? कंपालाही तेच म्हणाला. नैरोबीचं उत्तर: मग सुटे भाग कुठून आणू?

पैसा थांबला की पुढची साखळी ठरलेली. सुटे भाग नाहीत म्हणून इंजिनं वर्कशॉपमध्ये उभी. इंजिनं नाहीत म्हणून माल स्टेशनात पडून. माल पडून म्हणून व्यापारी ट्रककडे. उत्पन्न आणखी घसरलं. ट्रक बहुतेक केनियाचे, म्हणून टांझानियाला वाटलं केनिया मुद्दाम रेल्वे मारतो आहे. १९७४ च्या अखेरीस टांझानियाने केनियाच्या जड ट्रकना आपल्या रस्त्यांवर बंदी घातली. रस्ते खराब होतात हे कारण दिलं. केनियाची झांबियाकडची वाट तुटली. विमान कंपनीत हीच गोष्ट, फक्त आकडे मोठे आणि धनको अधिक उतावळे.

असे तंटे सोडवायला वर कोण होतं? तीन राष्ट्राध्यक्षांचं प्राधिकरण, निर्णय एकमताने. २५ जानेवारी १९७१ ला अमीनने ओबोटेंना हटवलं, ओबोटे टांझानियात गेले, आणि न्येरेरेंनी अमीनसोबत एका टेबलाशी बसायला नकार दिला. त्यानंतर प्राधिकरणाची बैठक एकदाही झाली नाही. सहा वर्षं! कागद या राजधानीतून त्या राजधानीत फिरवून सह्या घेतल्या जात. नेमणुका आणि अंदाजपत्रक ढकलत-ढकलत निभावलं, पण दोघांनी काही सोडून तिसऱ्याने काही द्यायचं अशी तडजोड फायलीवर होत नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. युगांडातले गोवेकरही त्यात आले. ज्यांनी जकात आणि टपालाच्या वह्या वर्षानुवर्षं राखल्या ते गेल्यावर युगांडाच्या बाजूने हिशेब जुळवणं आणखी अवघड झालं. १९७५ मध्ये कॅरिबियन अर्थतज्ज्ञ विल्यम डेमास यांच्याकडे कराराच्या फेरआढाव्याचं काम दिलं, पण तोवर तिघांपैकी कोणालाच दुरुस्तीत रस उरला नव्हता.

वाटण्या

जानेवारी १९७७ च्या शेवटी पूर्व आफ्रिकी विमान कंपनी बंद पडली. केनियाने ताबडतोब केनिया एअरवेज काढली. तिची उड्डाणं ४ फेब्रुवारीला सुरू झाली. बहुतेक विमानं नैरोबीतच उभी होती. टांझानियाने उत्तर म्हणून केनियाची सीमा बंद केली आणि आपल्या हद्दीत सापडलेली वाहनं, विमानं, सरोवरातली जहाजं धरून ठेवली. ज्याच्या अंगणात जे उभं ते त्याचं, असा हिशेब. समुदायाचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होई. ३० जून १९७७ पर्यंत नवं अंदाजपत्रक मंजूर झालं नाही आणि समुदाय संपला. विसर्जनाचा ठरावसुद्धा कोणी केला नाही.

मालमत्तेची वाटणी करायला स्विस मध्यस्थ व्हिक्टर उम्ब्रिख्त यांना आणलं गेलं. जागतिक बँकेची कर्जं या महामंडळांमध्ये अडकली होती, म्हणून बँकेलाही घाई. तरी करार व्हायला मे १९८४ उजाडलं: केनिया ४२ टक्के, टांझानिया ३२, युगांडा २६. सीमा आधीच्या वर्षी, नोव्हेंबर १९८३ मध्ये उघडली होती. विटांपेक्षा अवघड वाटणी माणसांची निघाली. महामंडळांच्या निवृत्त कामगारांचं पेन्शन कोणत्या देशाने द्यायचं यावरून टांझानियात एकविसाव्या शतकातही खटले आणि धरणी चालू होती.

दुसरा डाव

३० नोव्हेंबर १९९९ ला अरुशाला पुन्हा करार झाला. त्याच्या प्रस्तावनेतच पहिल्या समुदायाच्या अंताची कारणं लिहिली आहेत, आणि फायद्यांची विषम वाटणी हे त्यातलं एक. आंतरराष्ट्रीय करारात अशी कबुली क्वचित दिसते. या वेळी सामाईक रेल्वे आणि विमान कंपन्या मांडल्याच नाहीत, त्यामुळे गल्ल्याचं भांडणही नाही. २००५ मध्ये जकात संघ सुरू झाला तेव्हा युगांडा आणि टांझानियाचा माल केनियात लगेच बिनशुल्क. केनियाच्या ठरावीक मालावर मात्र उरलेल्या दोघांनी पाच वर्षांत उतरत जाणारं शुल्क ठेवलं. हस्तांतरण कराचंच हे रूप, पण उतरणीची तारीख आधी ठरलेली आणि दुसरा कारखाना काढण्याची अट नसलेली. ही सुधारणा खरी आहे.

जुनी खोड मात्र गेलेली नाही. शिखर परिषद अजून एकमतावर चालते, आणि सभासद आता तीन नव्हे तर आठ आहेत; काँगो २०२२ मध्ये आला, सोमालिया २०२४ मध्ये. टांझानिया दक्षिण आफ्रिकी देशांच्या एसएडीसी या व्यापार-सहकार्य गटातही आहे, केनिया आणि युगांडा पूर्व व दक्षिण आफ्रिकेच्या कोमेसा या सामाईक बाजारात, म्हणजे एकाच मालाला तीन-तीन नियमावल्या. रवांडाने युगांडाशी बिनसल्यावर गातुनाची सीमाचौकी फेब्रुवारी २०१९ पासून जवळजवळ तीन वर्षं बंद ठेवली. जकात संघाच्या आत. २०२४ पर्यंत यायचं होतं ते सामाईक चलन आता २०३१ वर ढकललं आहे, आणि त्यावर पैज लावणारा माणूस भेटणं कठीण.

रेल्वेचंही तसंच. केनियाने प्रमाणित रुंदीचा नवा मार्ग मोंबासा ते नैरोबी २०१७ मध्ये चालू केला, २०१९ मध्ये तो नैवाशापर्यंत नेला आणि तिथे कित्येक वर्षं थांबला, कारण पुढे युगांडा आपला तुकडा कधी बांधणार हे नक्की होत नव्हतं. टांझानियाने स्वतःचा वेगळा मार्ग दार-एस-सलामहून बांधायला घेतला. युगांडाने आपल्या तेलाची पाइपलाइन केनियाऐवजी टांझानियातल्या टांगा बंदराकडे वळवली. नव्या रुळांवरून नैवाशाला पोचलेला कंपालाचा कंटेनर तिथे क्रेनने उचलतात आणि मीटरगेजच्या जुन्या वाघिणीवर ठेवतात.